दिवा लागला म्हणजे तार बरोबर आहे का?



मोहर्लीला व्याख्यान आहे म्हटल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, "सर, वाघावर बोलणार का?" म्हटलं, नाही रे बाबा. वाघावर बोलणारी माणसं तिथे घरोघरी आहेत, आणि ती माझ्यापेक्षा खरं बोलतात. (हशा) मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे ज्या वस्तूकडे कोणी बघत नाही तिच्याकडे बघत बसायची खोड लागली आहे. आज पिशवीत तीन वस्तू घेऊन आलो आहे. ही पक्कड, हिला क्रिम्पिंग टूल म्हणतात. ही दोन डब्यांची जोडी, प्रत्येकीवर आठ-आठ दिवे, हा लॅन टेस्टर. आणि हा निळ्या केबलचा वीतभर तुकडा. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे होमस्टे आहे, कॅमेरे लावलेले आहेत, राउटर आहे, त्यांच्या भिंतीवरून हीच केबल गेलेली आहे. या तीन वस्तूंचा इतिहास सांगायचा आहे. तो आपल्याच जिल्ह्यातून जातो, म्हणून इथे सांगायचा आहे.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे मी कुठल्या अधिकाराने बोलतो ते कळेल. २०२० साली शाळा घरात आल्या. नातू वरच्या खोलीत बसायचा, राउटर खाली. वायफाय वर पोचेना. मी म्हटलं, केबल टाकू, त्यात काय आहे! बाजारातून केबल आणली, ही पक्कड आणली, हा टेस्टर आणला. केबल सोलली तर आत आठ रंगीत तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. मी शहाणा माणूस. जोड्या ओळीने लावल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना अगदी सारख्या. कनेक्टर दाबला, टेस्टर लावला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, सगळे दिवे क्रमाने हिरवे. घरच्यांना बोलावून दाखवले.

आणि नातवाचा तास दर दहा मिनिटांनी बंद पडायला लागला. मी इंटरनेटवाल्यांना तीन तक्रारी केल्या, तिसरी जरा कडक भाषेत. शेवटी एक मुलगा आला. त्याने माझी केबल हातात धरली, टोकाकडे पाहिलं, टेस्टर लावलासुद्धा नाही. म्हणाला, "काका, दिवे बरोबर लागतील हो, पण जोड्या फुटल्यात." दोन मिनिटांत टोकं कापून नव्याने बसवली. त्यानंतर त्या केबलने कधी कुरकुर केली नाही. तक्रार मी दुसऱ्यावर केली होती, दोष माझ्या हातात होता. तेव्हापासून मला एक प्रश्न छळतो आहे. आठही दिवे खरं बोलत होते, मग मी चुकलो कुठे?

हा प्रश्न इतिहासात फार जुना आहे. तार जोडली आहे की नाही हे तपासायचं पहिलं यंत्र म्हणजे माणसाचं शरीर. १७४६ साली पॅरिसमध्ये नोले नावाच्या धर्मगुरूने एका मठातले सुमारे दोनशे साधू ओळीत उभे केले, त्यांच्या हातांत लोखंडी तारा दिल्या आणि एका टोकाकडून विजेचा झटका सोडला. सगळे एकदम उडाले. (हशा) हसू नका, तो टेस्टरच होता. वीज या टोकाकडून त्या टोकाला जाते का? जाते. किती वेळात? डोळ्यांना कळणार नाही इतक्या लवकर. दिव्यांच्या जागी साधू, एवढाच फरक.

आता आपण शंभर वर्षं पुढे येऊ. हिंदुस्थानात ओशॉघ्नेसी नावाच्या डॉक्टरने कलकत्त्याला १८३९ साली तारेचे प्रयोग केले, १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर तार सुरू झाली आणि १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई अशी रांग लागली. त्याच १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. राज्य आलं की पाठोपाठ तारेचे खांब येतात. तुम्हा सर्वांना वीर बाबुराव शेडमाके ठाऊक आहेत. मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार. १८५८ साली ते आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी उठाव केला. २९ एप्रिल १८५८ ला त्यांच्या लोकांनी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला एका शिबिरावर हल्ला केला. ते शिबिर कोणाचं होतं? तार खात्याचं. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. तुरुंगातला तो पिंपळ आजही लोक दाखवतात.

मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलो, पण तार खात्याचं शिबिर या शब्दांकडे माझं लक्ष म्हातारपणी गेलं. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात तारेचं नाव येतं ते असं, हल्ल्याच्या जागेचं म्हणून. जंगलातल्या माणसाला ती तार काय सांगत होती? काहीच नाही. ती त्याच्या डोक्यावरून जाणार होती. बोलणारा एका टोकाला, ऐकणारा दुसऱ्या टोकाला, आणि मधला माणूस नुसता खांब बघणारा. हे लक्षात ठेवा, शेवटी मी इथेच परत येणार आहे.

तेच १८५८ साल, तिकडे समुद्रात. चिंचगुंडीनंतर तीन महिन्यांनी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळावरून केबल टाकून पूर्ण झाली. १६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा संदेश गेला. शंभराच्या आत शब्द, आणि पोचायला सोळा तास! तरी लोकांनी दिवाळी केली. पण केबल आजारी होती. कंपनीचे विद्युततज्ज्ञ होते व्हाइटहाउस. त्यांचं मत असं की संदेश नीट जात नाही तर जोर वाढवा. त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत दाब दिला. सप्टेंबर उजाडेपर्यंत केबल मेली.

दुसरे होते विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्विन झाले ते. त्यांचं म्हणणं उलटं. पलीकडून येणारा प्रवाह क्षीण असणारच, तो ओळखायला यंत्र नाजूक करा. त्यांनी एक बारीक आरसा चुंबकासकट रेशमाच्या धाग्याला टांगला. प्रवाह आला की आरसा किंचित हलतो आणि त्यावरचा उजेडाचा कवडसा मोजपट्टीवर सरकतो. तारेवर ओरडायचं नाही, तिचं ऐकायचं. पुढे चौकशी झाली. व्हाइटहाउसना आधीच काढून टाकलं होतं, सगळा दोष त्यांच्या माथी गेला. पण केबल मुळातच नीट बनवलेली नव्हती, उन्हात पडून तिचं गटापर्चाचं वेष्टण मऊ झालं होतं, असंही दिसलं. म्हणजे एका माणसाला दोष देणं सोपं होतं, दोष नेमका कुठे आहे हे दाखवणं अवघड होतं. कारण दाखवायला मापच नव्हतं! एकाने "अवरोध फार आहे" म्हणायचं, दुसऱ्याने "फार म्हणजे किती?" विचारायचं, आणि दोघांचा फूटपट्टा वेगळा.

मग १८६१ साली थॉमसन यांच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनने विजेची मापं ठरवायला समिती नेमली. तुमचा वायरमन मल्टिमीटरवर जो ओहम वाचतो ना, ते माप त्या खटपटीतून रुजलं. १८६६ मध्ये अटलांटिकची केबल यशस्वी झाली. इतकंच नाही, आदल्या वर्षी तुटून तळाला गेलेली केबलही शोधून, उचलून, जोडून पूर्ण केली. १८७० मध्ये सुएझ आणि एडनमार्गे मुंबई लंडनशी जोडली गेली. बुडालेल्या केबलीवरून शिकलेले लोक किनाऱ्यावर बसून अवरोध मोजायचे आणि सांगायचे, बिघाड अमुक मैलांवर आहे. जहाज तिथेच जायचं. केवढी मोठी गोष्ट आहे ही! दोष दिसत नाही, हाताला लागत नाही, पण त्याची जागा सांगता येते.

आता या तुकड्याकडे वळू. या तारांना पीळ का आहे? तार खात्याच्या काळी एकच तार असायची, परतीचा रस्ता जमिनीतून. टेलिफोन आला तेव्हाही सुरुवात तशीच झाली. मग शेजारून विजेच्या तारा गेल्या, ट्राम धावल्या, आणि फोनमध्ये घरघर ऐकू यायला लागली. शेजारच्या फोनवरचं भांडणसुद्धा. (हशा) उपाय असा निघाला की परतीलाही तार द्यायची, आणि दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळायच्या. पिळलेल्या जोडीचं पेटंट ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये घेतलं. युक्ती फार साधी आहे. संदेश दोन तारांवर उलटसुलट जातो, एकीवर अधिक तेव्हा दुसरीवर उणे. बाहेरचा गोंगाट मात्र दोघींवर सारखाच पडतो, कारण पीळ असल्यामुळे दोघी आळीपाळीने गोंगाटाच्या जवळ येतात. पलीकडे फक्त दोघींमधला फरक वाचायचा. फरक घेतला की सारखं ते सगळं वजा होतं. गोंगाट गेला, संदेश उरला.

म्हणजे इथे तार एकटी काहीच नाही. अर्थ तारेत नाही, जोडीत आहे.

पुढे संगणक आले. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. तेव्हाची केबल बोटाएवढी जाड, एकाच केबलीवर सगळी यंत्रं. १९९० मध्ये टेलिफोनसारख्या पिळलेल्या जोड्यांवरचं इथरनेट प्रमाणित झालं आणि १९९१ मध्ये इमारतींच्या वायरिंगचं मानक आलं. त्यात रंगांचे दोन क्रम आहेत, ए आणि बी. आपल्याकडे बहुतेक बी वापरतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बघा, हिरवी जोडी फोडून मध्ये निळी बसवली आहे. तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर हिरवी, चौथ्या-पाचव्यावर निळी. हा आचरटपणा कशासाठी? मलाही तेच वाटलं होतं! कारण ऐतिहासिक आहे. टेलिफोनच्या प्लगमध्ये पहिली लाइन मधोमध असते आणि दुसरी तिच्या दोन्ही बाजूंनी. नव्या प्लगने जुन्याचा मान ठेवला. आपल्या घरात आजोबांची खुर्ची मधोमध राहते आणि नवीन सोफा तिच्या भोवतीने ठेवावा लागतो, तसं.

मला तो इतिहास ठाऊक नव्हता. मी जोड्या ओळीने लावल्या. त्यामुळे यंत्राने तीन आणि सहा ही जोडी समजून वापरली, ती प्रत्यक्षात एक हिरव्याची तार आणि एक निळ्याची. पीळ त्यांचा एकमेकींशी नव्हताच. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, म्हणून दिवा हिरवा. पण गोंगाट वजा होईना. कारागीर याला जोडी फुटणं म्हणतात.

आता माझ्या विषयाकडे येतो, कारण चूक तारेची नव्हती, अनुमानाची होती. आपल्या नैयायिकांनी धूर आणि अग्नीचं उदाहरण दिलं. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे बरोबर. पण उलटं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. माझंही तसंच. केबल बरोबर असेल तर दिवे क्रमाने लागतील, हे खरं. दिवे क्रमाने लागले म्हणून केबल बरोबर, हे खरं नाही. हिरवा दिवा चुकीच्या केबलीवरही लागतो. जो हेतू साध्य असो वा नसो दोन्हीकडे सापडतो, त्याला ते सव्यभिचार म्हणतात, हेत्वाभासांतला एक. मी तो तीस वर्षं वर्गात शिकवला आणि घरी जिन्यावर त्याच्यावरच घसरलो.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही. इथले गाइड रोज हेच करतात. चितळाने कॉल दिला, गाडी थांबते. पण चितळ कशालाही दचकतं. वानराचा कॉल आला, जरा जास्त लक्ष द्यायचं. सांबराचा कॉल आला की जुना गाइड म्हणतो, आता आहे. तरी वाघ दिसल्याशिवाय तो पाहुण्याला "वाघ पाहिला" म्हणत नाही. आठ दिव्यांचा टेस्टर म्हणजे चितळाचा कॉल आहे. उपयोगी आहे, खोटा नाही, पण त्याच्या भरवशावर फार पुढे जाऊ नये.

यापुढची यंत्रं आहेत. टोनर असतो. एका टोकाला सूर सोडायचा आणि भिंतीवरून दुसरा तुकडा फिरवत ऐकायचं की वीस केबलींमधली आपली कुठली. दुसरं यंत्र केबलीत विजेचा ठोका सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट बघतं. केबलीत संकेत प्रकाशाच्या साधारण दोन-तृतीयांश वेगाने जातो, म्हणजे एका नॅनोसेकंदात सुमारे २० सेंटिमीटर. प्रतिध्वनी ३०० नॅनोसेकंदांनी आला तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे बिघाड ३० मीटरवर. समुद्रातला तोच प्रश्न, आता अंगणात. आणि सर्वांत वर प्रमाणपत्र देणारी यंत्रं, काही लाखांची. ती जोडीजोडीवर प्रत्यक्ष संकेत सोडून गळती मोजतात. नैयायिक म्हणतात, पाणी दिसलं हे ज्ञान खरं की मृगजळ, हे जाऊन तहान भागली की ठरतं. आपल्याला लाखांचं यंत्र नको. केबल लावल्यावर एक मोठी फाइल या संगणकातून त्या संगणकात पाठवा आणि घड्याळ बघा. तहान भागली तर पाणी.

काही कामाच्या गोष्टी सांगतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याने नुसती गोष्ट सांगितली. टोक सोलताना पीळ जितका कमी उलगडेल तितका बरा, अर्ध्या इंचाच्या आत. केबल घेताना तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. अॅल्युमिनियमचा अवरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि याच केबलीतून कॅमेऱ्याला वीज देत असाल तर लांबच्या कॅमेऱ्याला ती पुरत नाही. एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या पुढे नेऊ नका. दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची केबल लटकवू नका. आपल्याकडे रोहिणी-मृगात विजा कशा पडतात ते मी इरईच्या काठच्या माणसांना काय सांगू. तिथे फायबर टाका. आणि फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका. त्यातला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. केबलीच्या दोन्ही टोकांना एकच खूण लिहा. हे शेवटचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम.

आता परत चिंचगुंडीला येतो.

ताडोब्याला १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. आज सफारीची नोंदणी ऑनलाइन, खोलीची नोंदणी ऑनलाइन, मुलांचे प्रवेशअर्ज ऑनलाइन, शिष्यवृत्ती ऑनलाइन. तार गावात आली आहे. पण ती बंद पडली की काय होतं? चंद्रपूरच्या माणसाला फोन. तो म्हणतो उद्या येतो. उद्या म्हणजे कधी ते आपल्याला ठाऊक आहे. तोवर अर्जाची तारीख जाते. आणि मग घरात दोष कोणाला? तर ज्या पोरीचा अर्ज राहिला तिला. "तू आधी का नाही भरलास?" मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ती मान खाली घालून उभी होती. दोष तिसऱ्या आणि सहाव्या तारेत असेल, नाहीतर गंजलेल्या कनेक्टरमध्ये असेल, पण तो दाखवायचं साधन घरात नसलं की दोष सर्वांत लहान माणसावर जाऊन बसतो. व्हाइटहाउस तरी मोठे साहेब होते.

म्हणून या पक्कडीला मी नुसतं हत्यार मानत नाही. १८५८ मध्ये या जिल्ह्यातल्या माणसाच्या हातात तारेचं कुठलंच टोक नव्हतं. बाबुरावांनी काय केलं त्याचा न्याय करायला मी बसलेलो नाही. मी एवढंच विचारतो की आज आपल्या हातात टोक आहे का? की अजूनही आपण मधले, खांब बघणारे?

शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक पेटी ठेवा. त्यात एक पक्कड, भिंतीतल्या खोबणीत तार दाबायचं एक पंचिंग टूल, एक दिव्यांचा टेस्टर, एक मल्टिमीटर, पन्नास कनेक्टर आणि एक वही. सगळं मिळून एका चांगल्या मोबाइलपेक्षा पुष्कळ स्वस्त. दोन मुलं आणि दोन मुली शिकवून तयार करा. वहीत लिहायचं: कोणती केबल, काय बिघडलं, कशाने कळलं. दोन पावसाळ्यांनंतर ती वही वाचा. गावात नेमकं काय बिघडतं, मुंग्या आणि उंदीर किती, पाणी किती, वीज किती आणि आमचीच घाई किती, ते तुम्हाला कोणाही बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा जास्त कळलेलं असेल.

या तीन वस्तू मी परत नेणार नाही. इथेच ठेवून जातो. हा तुकडा माझ्या त्याच केबलीचा आहे, कापून टाकलेल्या टोकाचा. कनेक्टर अजून तसाच आहे, जोड्या फुटलेला. मुलांनो, आधी तो टेस्टरवर कसा बसवायचा ते शोधा, हिरवा दिवा बघा, आणि मग मला सांगा त्यात काय चुकलं आहे.